‘बेस्ट’चा तोटा नेमका कोण सोसतो?

बेस्ट उपक्रमाचा अर्थसंकल्प मांडला गेला की तुटीचा एक प्रचंड आकडा जाहीर होतो. त्यावर दोन-चार दिवस वृत्तपत्रांतून चर्चा होते. महापालिकेने मदत करावी की करू नये, भाडे वाढवावे की वाढवू नये, कर्मचारी जास्त आहेत की कमी, यावर मते मांडली जातात, आणि मग सारे काही पूर्ववत होते. या सर्व गदारोळात एक माणूस मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो. तो कुर्ला स्थानकाबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या गाडीच्या रांगेत उभा असतो, किंवा गोवंडीच्या शिवाजीनगरातून धुण्याभांड्यांच्या कामाला निघालेली बाई म्हणून थांब्यावर तिष्ठत असते. तिला तुटीचा आकडा ठाऊक नाही. गाडी येत नाही, एवढेच तिला ठाऊक आहे.

मुंबईकरांच्या मनात बेस्टविषयी आज जी चीड साचली आहे, ती केवळ गैरसोयीची चीड नव्हे. मुंबईकर गैरसोयीला सरावलेला आहे. उपनगरी गाडीच्या दारात लोंबकळत तो आयुष्य काढतो. ही चीड फसवणुकीची आहे. उपक्रमाचा तोटा कमी करण्यासाठी गेली दहा-पंधरा वर्षे जे जे उपाय योजले गेले, त्यांनी तोटा नाहीसा केला नाही. तो फक्त जमाखर्चाच्या वहीतून उचलून थांब्यावर नेऊन ठेवला. वहीत तो रुपयांत दिसत होता. थांब्यावर तो मिनिटांत आणि तासांत मोजावा लागतो, आणि तेथे तो मोजण्याची तसदी कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

एका व्यवस्थेची पुण्याई

बेस्टची आजची अवस्था समजून घ्यायची तर तिची जुनी घडण पाहिली पाहिजे. मुंबईत घोड्यांनी ओढलेली ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. मुंबईच्या बससेवेच्या शताब्दीचे वर्ष म्हणजे २०२६. वीज आणि वाहतूक एकाच कंपनीच्या हाती असण्याची प्रथा १९०५ पासूनची. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही कंपनी महापालिकेने आपल्या ताब्यात घेतली आणि ती नागरिकांच्या मालकीची झाली. ट्राम १९६४ मध्ये थांबली. बस मात्र शहराबरोबर उत्तरेकडे वाढत गेली.

या रचनेत एक मोठे शहाणपण होते. शहर विभागातील वीजपुरवठ्यातून जे अधिक्य उरे, त्यातून बसची तूट भरून निघे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या दुकानांचे, कचेऱ्यांचे आणि घरांचे वीजदेयक हे एका अर्थी शहराच्या बससेवेचे वर्गणीपत्रक होते. हा व्यवहार उघड नव्हता, पण तो अन्याय्यही नव्हता. ज्या कचेरीत दिवे जळतात, त्या कचेरीत काम करणारा माणूस कुर्ल्याहून किंवा काळाचौकीहून वेळेवर पोचतो म्हणूनच त्या कचेरीचा व्यवसाय चालतो. बसचा लाभ केवळ बसमध्ये बसणाऱ्यालाच होतो, ही समजूत अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मान्य होणार नाही.

वीज अधिनियम २००३ मध्ये आला आणि ही घडी विसकटली. विजेचे दर नियामक आयोग ठरवू लागला. वीजग्राहकाकडून केवळ विजेचाच खर्च वसूल व्हावा, हे तत्त्व रूढ झाले. परिवहनाच्या तुटीपोटी वीजदेयकात काही काळ वेगळा आकार लावण्यात आला. त्यावर आक्षेप आले, वाद झाले आणि अखेर तोही बंद पडला. तत्त्वतः यात चूक नाही. एका सेवेच्या ग्राहकावर दुसऱ्या सेवेचा बोजा गुपचूप टाकण्यापेक्षा, समाजाने तो करांतून उघडपणे उचलावा, असेच कोणीही अर्थशास्त्री सांगेल. पण त्यासाठी एक नळ बंद करताना दुसरा उघडावा लागतो. येथे पहिला नळ कायद्याने बंद झाला आणि दुसरा कोणाच्या तरी मर्जीवर ठेवण्यात आला. महापालिका कधी कर्ज देते, कधी अनुदान देते, कधी अटी घालते. बेस्टला किती पैसे मिळणार आणि ते कोणत्या हक्काने मिळणार, याचे निश्चित उत्तर कोणाकडेच नसल्यामुळे पाच वर्षांपुढचा विचार करणे उपक्रमाला अशक्य झाले. ज्या संस्थेला पुढच्या वर्षीचे उत्पन्न ठाऊक नाही, ती नव्या गाड्या विकत घेत नाही; जुन्या गाड्या मोडीत निघण्याची वाट पाहते.

मिनिटांचा हिशेब

आणि नेमके तेच घडले. २०१०च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये हा ताफा तीन हजारांच्या आत आला होता, आणि त्यातही उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर येऊन ठेपल्या होत्या. वस्तुतः जून २०१९ मध्ये महापालिका, उपक्रम आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या कायम राखण्याचे मान्य करण्यात आले होते. त्या वर्षी जानेवारीत कामगारांनी ९ दिवसांचा संप केला होता; त्या संपातून आणि त्यानंतरच्या वाटाघाटींतून हा आकडा निघाला होता. कागदावर तो राहिला. आगारात राहिला नाही.

गाड्या कमी झाल्या म्हणजे खर्च कमी झाला, असे हिशेबनीस म्हणेल. पण बसचा प्रवास तिकिटापासून सुरू होत नाही; तो थांब्यावर उभे राहण्यापासून सुरू होतो. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ही गोष्ट सूत्रबद्ध रीतीने दाखवून दिली. बससेवेच्या खर्चात इंधन, पगार आणि गाड्यांची झीज यांबरोबर प्रवाशांनी प्रतीक्षेत घालवलेला वेळही धरला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रवासी वाढले आणि त्यांच्याबरोबर गाड्या वाढल्या, तर प्रत्येकाचीच प्रतीक्षा कमी होते. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाला नकळत लाभ देतो. म्हणूनच बससेवेला सार्वजनिक पैशाचा आधार देणे ही दया नसून अर्थशास्त्रीय शहाणपण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबईने या सिद्धान्ताचा उलटा प्रयोग करून दाखवला. गाड्या कमी, म्हणून प्रतीक्षा जास्त. प्रतीक्षा जास्त, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून उत्पन्न कमी. आणि उत्पन्न कमी, म्हणून पुन्हा गाड्या कमी.

हा तोटा किती असेल? त्याची अधिकृत मोजदाद होत नाही; तेव्हा आपणच एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. दिवसाला २५ लाख प्रवासी धरू आणि पूर्वीच्या मानाने प्रत्येकाला सरासरी १० मिनिटे अधिक थांबावे लागते असे समजू. म्हणजे रोज अडीच कोटी मिनिटे, सुमारे ४ लाख १७ हजार तास वाया गेले. या तासाची किंमत अवघी ५० रुपये धरली, तरी रोजचे २ कोटींहून अधिक रुपये होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६२५ कोटी. या आकड्यांत कोणी हवा तो फेरफार करावा. १० मिनिटांऐवजी ५ धरावीत, तरीही ३०० कोटींवरची रक्कम उरते. ही रक्कम कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. ती शहरातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या माणसांकडून रोज वसूल होते, आणि तिची पावती कोणालाच मिळत नाही.

शिवाय सरासरी ही फसवी असते. तासाला ६ गाड्या वेळापत्रकात असतील आणि त्या दर १० मिनिटांनी सुटत असतील, तर माणसाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. पण वाहतुकीच्या कोंडीमुळे त्याच ६ गाड्या दोन-दोनच्या जोडीने आल्या, तर दोन जोड्यांमधले अंतर २० मिनिटांचे होते आणि सरासरी प्रतीक्षा दुप्पट होते. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच, डिझेल किंवा वीज तेवढीच. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट. पहिली गाडी खच्चून भरलेली आणि मागची रिकामी, हे दृश्य मुंबईकर रोज पाहतो आणि त्याला नशीब म्हणतो. ते नशीब नव्हे. ते नियोजनाचे अपयश आहे. मध्यम आणि निम्न उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांचा सकाळचा पहिला तास बुडतो, कारखान्यात अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो, घरकामाच्या बाईला दोन घरांऐवजी एकच घर धरता येते. तोट्याची ही सारी रूपे आहेत. फक्त त्यांच्यापुढे रुपयाची खूण नाही.

भाड्याची गाडी, परकी जबाबदारी

ताफा घटत असताना उपक्रमाने मार्ग काढला तो भाडेतत्त्वाचा. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. उपक्रमाने दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे. याला तांत्रिक भाषेत ‘वेट लीज’ म्हणतात. २०१९ पासून ही पद्धत झपाट्याने वाढली आणि आज लाल गाडीवर बेस्टचे नाव असले, तरी ती गाडी बहुधा बेस्टची नसते.

कंत्राटी पद्धत मुळातच वाईट आहे, असे म्हणणे सोपे आहे. ते मात्र खरे नाही. लंडनमध्ये १९८५ पासून बसमार्ग निविदा काढून खाजगी कंपन्यांना चालवायला दिले जात आहेत आणि तेथील बससेवा जगातील उत्तम सेवांत गणली जाते. पण लंडनच्या पद्धतीत मार्ग, वेळापत्रक आणि भाडे हे सार्वजनिक यंत्रणाच ठरवते. विशेष म्हणजे २००१ पासूनच्या करारांत कंपनीचे उत्पन्न सेवेच्या गुणवत्तेशी जोडलेले आहे. ज्या मार्गांवर गाड्या वारंवार सुटतात, तेथे प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती अधिक थांबावे लागले, हे सातत्याने मोजले जाते. ती प्रतीक्षा घटली तर कंपनीला बक्षीस, वाढली तर कपात. म्हणजे तेथे प्रवाशाची मिनिटे कंत्राटदाराच्या खिशाला जाऊन भिडतात. आपल्याकडे कंत्राटदाराला दंड होत नाही असे नाही; पण व्यवहाराचे मुख्य माप किलोमीटर हेच आहे. किलोमीटर हे गाडीचे माप आहे, प्रवाशाचे नव्हे.

याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने अडीचशेहून अधिक मिनी गाड्यांची सेवा सोडून दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी तुटपुंज्या वेतनाविरुद्ध काम बंद केले आणि अनेक दिवस शेकडो गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. बेस्टच्या कायम चालकाच्या आणि कंत्राटी चालकाच्या पगारात जे अंतर आहे, बचतीचा मोठा भाग त्यातूनच आलेला आहे. म्हणजे येथेही तोटा नाहीसा झाला नाही. तो उपक्रमाच्या वहीतून चालकाच्या घरात गेला. त्या अंतराला कार्यक्षमता म्हणता येत नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाच्या भाडेतत्त्वावरील विद्युत बसने गर्दीतील माणसांना आणि वाहनांना चिरडले. प्रथम सात जणांचा बळी गेला, पुढे तो आकडा वाढला. स्वयंचलित पद्धतीच्या मोठ्या विद्युत गाडीचा चालकाला पुरेसा सराव नव्हता, अशी माहिती तेव्हा प्रसिद्ध झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण चालकाला प्रशिक्षण कोणी द्यायचे, ते पुरेसे झाले हे कोणी पाहायचे आणि नाही झाले तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न न्यायालयाचे नाहीत. ते व्यवस्थापनाचे आहेत. काम कंत्राटाने देता येते. जबाबदारी देता येत नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने गाडीवर बेस्टचेच नाव होते.

आवाज कोठे गेला?

इतके सारे होऊनही मुंबई पेटून का उठत नाही, असा प्रश्न पडतो. लोक चिडतात, थांब्यावर आपसांत बोलतात, वाहकाशी भांडतात. पण त्या चिडीचे रूपांतर धोरणाच्या दबावात होत नाही. त्याचे कारण आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये आपल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात सांगून ठेवले आहे. नायजेरियात रेल्वे इतकी वाईट का चालते, हे कोडे त्याला पडले होते. तेथे मालमोटारींची स्पर्धा होती. स्पर्धेने रेल्वे सुधारायला हवी होती. प्रत्यक्षात उलट झाले. ज्या ग्राहकांना तक्रार करण्याची, दबाव आणण्याची ताकद होती, तेच सर्वांत आधी रेल्वे सोडून मालमोटारींकडे गेले. मागे राहिले ते मुके ग्राहक. त्यांच्या तक्रारीची भीती रेल्वेला नव्हती आणि गेलेल्यांच्या पैशाची तिला फिकीर नव्हती, कारण तूट सरकार भरत होते.

मुंबईत हेच घडले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बसच्या रांगेत कारकुनाबरोबर प्राध्यापक, वकील आणि वार्ताहर उभे असत. गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात पत्र छापून येई आणि बेस्ट समितीत प्रश्न विचारला जाई. पुढे ज्याला परवडली त्याने स्कूटर घेतली, मग मोटार घेतली; आता भ्रमणध्वनीवर टॅक्सी बोलावता येते. मुंबईत नोंद झालेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या पुढे गेली आहे. आवाज असलेला प्रवासी बाहेर पडला आणि ज्याच्याजवळ दुसरा पर्याय नाही तो रांगेत उरला.

त्यातच आवाज पोचवण्याची जी एक अधिकृत वाट होती, तीही बंद पडली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हते; म्हणून बेस्ट समितीही नव्हती. या काळात गाड्यांची संख्या कोसळली, कंत्राटे दिली गेली आणि मोडली, भाडे वाढले. आणि हे सारे प्रशासकांच्या सहीने झाले. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत महाव्यवस्थापकही अनेकदा बदलले. जो अधिकारी आपल्या निर्णयाची फळे पाहण्याआधीच बदलून जातो, त्याला निर्णयाची जबाबदारी चिकटत नाही. बेस्ट समितीचा कारभार आदर्श होता, असे मुळीच नाही. तेथेही कंत्राटांवरून आणि जागांवरून व्हायचे ते राजकारण होई. पण गाडी का आली नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारण्याची आणि त्याचे उत्तर नोंदवून घेण्याची ती एक जागा होती.

रस्त्याला तोटा नसतो

बेस्टच्या तुटीवर बोलणारे एक साधी गोष्ट विसरतात. तूट फक्त ज्याची वेगळी वही असते, त्यालाच असते. सागरी किनारा रस्ता महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून बांधला. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. त्यावर पथकर नाही. दुचाकींना तेथे प्रवेश नाही. म्हणजे तो प्रामुख्याने मोटारवाल्यांचा रस्ता आहे. त्याच्या देखभालीवर, दिव्यांवर, बोगद्यातल्या हवेवर दरवर्षी खर्च होत राहील. या रस्त्याला किती तोटा झाला, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. कारण रस्त्याचे तिकीट नसते आणि वहीही नसते. महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४ हजार ४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटींची तरतूद होती. म्हणजे शंभर रुपयांत जेमतेम एक रुपया पस्तीस पैसे. भांडवली खर्च आणि चालू खर्च यांची तुलना काटेकोरपणे होत नाही, हे खरे. पण एका शहराच्या मनात कोणाची किंमत किती आहे, हे कळण्यास एवढी तुलना पुरेशी आहे.

येथे विरोधी बाजूचेही ऐकले पाहिजे. बेस्टचा आस्थापना खर्च मोठा आहे, गेल्या अनेक वर्षांत कामाच्या पद्धती बदलल्या नाहीत, आगारांच्या मोक्याच्या जमिनींचा उपयोग नीट झाला नाही, असे आक्षेप घेतले जातात. त्यांत तथ्य आहे. नुसता पैसा ओतून सेवा सुधारत नाही. तो बहुतेक वेळा जुनी देणी फेडण्यातच संपतो. निवृत्त कर्मचाऱ्यांची उपदाने वर्षानुवर्षे थकत असतील, तर नव्या गाड्यांसाठी काय उरणार? पण या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष सेवा आखडती घेण्याचा नसून पैसा आणि सेवा यांची सांगड घालण्याचा आहे. तसेच जमिनी विकून चालू खर्च भागवणे हा उपाय म्हणजे बियाणे दळून भाकरी करण्यासारखे आहे. आगार ही इमारत बांधण्याची रिकामी जागा नव्हे. रात्री गाडी उभी करायला जागा उरली नाही, तर सकाळी ती वेळेवर सुटणार कोठून?

भाड्याचा प्रश्नही असाच आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले आणि प्रवासी भराभर परतले. पण त्या मानाने गाड्या आल्या नाहीत. स्वस्त तिकीट हाती घेऊन माणूस थांब्यावरच राहिला. मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या गाडीसाठी १० आणि वातानुकूलित गाडीसाठी १२ रुपये झाले. भाडे कधीच वाढू नये, असे कोणीही म्हणणार नाही. इतक्या वर्षांनी ते वाढणे अपरिहार्यही असेल. पण दुप्पट भाड्याबरोबर प्रवाशाला काय मिळणार, हे सांगितले गेले नाही. किंमत वाढवताना मालाचे माप न सांगणाऱ्या दुकानदाराला वजनमापे निरीक्षक दंड करतो. सार्वजनिक सेवेला असा निरीक्षक नाही.

करायचे काय?

उपाय अवघड नाहीत. त्यांसाठी नवे पूलही बांधावे लागणार नाहीत. पहिला उपाय म्हणजे महापालिकेने बेस्टला दरवर्षी मेहेरबानी म्हणून अनुदान न देता, पाच वर्षांचा सेवाकरार करावा. इतक्या गाड्या, इतक्या फेऱ्या, अमुक मार्गावर अमुक अंतराने. आणि त्यासाठी इतका पैसा, हक्काने आणि वेळेवर. कामगार संघटनांनी २०१९ च्या संपात दोन्ही अर्थसंकल्पांच्या विलीनीकरणाची मागणी केली होती. विलीनीकरणाने वही एक होईल. पण सेवेचे माप ठरले नाही, तर एका वहीतही प्रवासी हरवू शकतो. माप आधी, वही नंतर.

दुसरा उपाय प्रतीक्षा मोजण्याचा. गाडी कोठे आहे हे आता यंत्राने कळते. प्रवाशाला भ्रमणध्वनीवरही ती दिसते. तेव्हा प्रत्येक मार्गावर प्रवाशाला महिन्यात सरासरी किती मिनिटे थांबावे लागले, हे काढणे कठीण नाही. तो आकडा दर महिन्याला तुटीच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत प्रसिद्ध व्हावा, आणि कंत्राटदाराचे पैसेही त्याच्याशी जोडले जावेत. जे मोजले जात नाही त्यासाठी कोणालाच जाब विचारता येत नाही.

तिसरा उपाय रस्त्याचा. पन्नास-साठ माणसे घेऊन जाणारी बस जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत फार तर दोन-तीन मोटारी मावतात. गर्दीच्या मार्गांवर बससाठी एक पट्टा राखला तर त्याच गाड्या अधिक फेऱ्या करतील. म्हणजे एकही नवी गाडी न घेता ताफा वाढेल. ज्या शहरात जागा सोन्याच्या भावाने विकली जाते, तेथे रस्त्याची जागा एकट्यादुकट्या मोटारीला फुकट वाटणे ही उधळपट्टी आहे.

चौथी गोष्ट मेट्रोची. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च झाले. पण भुयारातून वर आलेल्या माणसाला घरापर्यंत नेणारी गाडी हवी. ती नसेल तर तो रिक्षा शोधतो, आणि रिक्षाचे पैसे परवडत नसतील तर मेट्रोही सोडतो. महानगरासाठी एकच वाहतूक प्राधिकरण असावे, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच सुचवले होते. रेल्वे, मेट्रो, बस यांचे धनी वेगवेगळे आणि प्रवासी मात्र एकच, ही विसंगती किती काळ चालू ठेवायची?

हे सारे करण्यासाठी पैसा लागेल, पण पैसा आजही खर्च होतोच आहे. काही भाग महापालिका देते, काही कंत्राटी चालक आपल्या पगारातून देतो, आणि सर्वांत मोठा वाटा थांब्यावर उभा असलेला माणूस आपल्या आयुष्यातील तासांतून देतो. प्रश्न खर्च करायचा की नाही हा नाही; तो कोणी करायचा, एवढाच आहे. ज्या शहराचे उत्पन्न देशातील अनेक राज्यांना हेवा वाटावा असे आहे, त्या शहराने आपल्या बससेवेची तूट सर्वांत गरीब प्रवाशाच्या माथी मारावी, हे अर्थशास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही. बेस्टचा तोटा किती, हा प्रश्न यापुढे विचारला जाईल तेव्हा उत्तर देणाऱ्याने दोन आकडे द्यावेत: एक रुपयांचा आणि एक मिनिटांचा. दुसरा आकडा टाळून पहिलाच सांगितला, तर तो हिशेब अपुरा आहे, असे नागरिकांनी निःसंकोचपणे म्हणावे.